निवृत्तांचा आरोग्यविमा : निवड करताना घ्यावयाची दक्षता

सेवानिवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याच्या हाती अनेक कागदपत्रे पडतात. उपदानाचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधीचा धनादेश, निवृत्तिवेतनाचा आदेश हे सर्व तो काळजीपूर्वक तपासतो. परंतु त्याच दिवशी त्याच्या हातून एक गोष्ट निसटत असते आणि तिची नोंद कोणत्याही कागदावर नसते. नोकरीत असताना आस्थापनेच्या खर्चाने मिळणारे वैद्यकीय संरक्षण बहुतेक ठिकाणी सेवेच्या अखेरच्या दिवशी संपते. ज्या वयात त्याची खरी आवश्यकता भासू लागते, नेमक्या त्याच वयात ते नाहीसे होते. पुढे एखादी शस्त्रक्रिया उभी राहिली म्हणजे उपदानाची रक्कम रुग्णालयात भरावी लागते आणि उरलेल्या आयुष्याचा आधार खचतो.

हा प्रसंग टाळण्याचा एक मार्ग आरोग्यविमा हा आहे. आपल्या देशात सार्वजनिक क्षेत्रातील साधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ या नावाने ही सोय सर्वसामान्यांसाठी खुली केली. २००० नंतर खासगी कंपन्या या क्षेत्रात आल्या आणि आज बाजारात इतक्या प्रकारच्या पॉलिसी आहेत की सुशिक्षित मनुष्यही गोंधळून जावा. प्रस्तुत लेखात निवृत्त व्यक्तीने आपली निवड कोणत्या क्रमाने व कोणत्या कसोट्यांवर करावी याचा विचार केला आहे.

विवेचन सुबोध व्हावे म्हणून एक उदाहरण गृहीत धरू. फोंडा तालुक्यातील एका कारखान्यात पर्यवेक्षक असलेले एक गृहस्थ वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त झाले. पत्नीचे वय ५६. मुलगी विवाहित, ती सासरी. गृहस्थांना पाच वर्षांपासून मधुमेह आहे. पत्नीला अद्याप कोणताही आजार नाही. कारखान्याची सामूहिक पॉलिसी निवृत्तीबरोबर संपली. या दांपत्याने काय करावे?

१. प्रथम हाती काय आहे ते पाहावे

विमा विकत घेण्यापूर्वी आपणास विनामूल्य अथवा अल्प मूल्यात कोणते संरक्षण मिळते याची यादी करणे ही पहिली पायरी होय. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि असलेल्या हक्कावर पाणी सोडून नसत्या गोष्टीसाठी पैसे भरतात.

केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी केंद्रीय शासकीय आरोग्य योजना आहे. तिचे मासिक अंशदान वेतनस्तरानुसार ठरते आणि दहा वर्षांचे अंशदान एकरकमी भरल्यास आजीवन सदस्यत्व मिळते. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून स्वतंत्र अंशदायी आरोग्य योजना कार्यान्वित आहे. रेल्वेच्या निवृत्तांसाठीही त्यांची निराळी व्यवस्था आहे. ज्यांना यांपैकी एखादी योजना उपलब्ध आहे त्यांनी ती सोडून खासगी विम्यामागे धावण्याचे कारण नाही. फार तर पूरक विमा घ्यावा.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारांना एक महत्त्वाची सवलत आहे, परंतु ती फारशा कोणाला ठाऊक नसते. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे विमायोग्य नोकरी केलेल्या कामगारास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नी अथवा पतीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांचे वेतन या योजनेच्या मर्यादेपेक्षा अधिक होते, म्हणून त्यांना ही वाट बंद आहे. परंतु त्यांच्याच कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या अनेक कामगारांना ती खुली असू शकते.

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चालू आहे. राज्यात पाच वर्षे वा अधिक काळ वास्तव्य असलेल्या कुटुंबास तिचे कार्ड मिळते. तीन अथवा कमी व्यक्तींच्या कुटुंबास वर्षाला अडीच लक्ष रुपयांपर्यंत आणि चार वा अधिक व्यक्तींच्या कुटुंबास चार लक्ष रुपयांपर्यंत ठरावीक उपचारांचे संरक्षण मिळते. शासनाच्या अन्य आरोग्ययोजनेखाली येणारे कर्मचारी यातून वगळले आहेत. आपल्या उदाहरणातील दांपत्याचे कुटुंब दोघांचे. म्हणून त्यांना अडीच लक्षांचा आधार आहे. याखेरीज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये ही सार्वजनिक सेवा आहेच. बांबोळीच्या संस्थेची परंपरा १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. जवळपास उत्तम सार्वजनिक रुग्णालय असणे हेही एक संरक्षणच आहे आणि विम्याची रक्कम ठरविताना ते जमेस धरावे.

वयाची सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करण्यात आला. यात उत्पन्नाची अट नाही. ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढल्यावर सूचीबद्ध रुग्णालयांत वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंतचे आंतररुग्ण उपचार विनामूल्य मिळतात. कुटुंबात सत्तरीवरील दोन व्यक्ती असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. आधीपासून असलेल्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. खासगी विमा असलेल्या व्यक्तीसही हे कार्ड घेता येते. मात्र केंद्रीय शासकीय आरोग्य योजना अथवा माजी सैनिकांची योजना यांचे लाभार्थी असल्यास दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. नोंदणीसाठी आधार कार्ड आवश्यक आहे.

आता उदाहरणातील दांपत्याकडे पाहू. गृहस्थांना हा लाभ दहा वर्षांनी मिळेल, पत्नीला चौदा वर्षांनी. म्हणजे साठ ते सत्तर हा दहा वर्षांचा पट्टा त्यांच्यासाठी उघडा आहे. तेथे त्यांना अडीच लक्षांच्या राज्य योजनेचा व सार्वजनिक रुग्णालयाचाच आधार आहे. खासगी विम्याची गरज सर्वांत अधिक आहे ती या काळात. हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुढील निवड सोपी होते.

२. विमा केव्हा घ्यावा

विमा घेण्याचा उत्तम काळ निवृत्तीनंतरचा नसून निवृत्तीपूर्वी तीन वर्षांचा आहे. याचे कारण प्रतीक्षाकाल या अटीत आहे.

पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य आजारासाठी सामान्यतः खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, सांधेबदल अशा काही ठरावीक व्याधींसाठी निराळा प्रतीक्षाकाल असतो. बहुतेक पॉलिसींत तो दोन वर्षांचा आढळतो. आणि पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त छत्तीस महिने थांबावे लागते. पूर्वी ही मर्यादा अठ्ठेचाळीस महिन्यांची होती. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून ती कमी केली. पासष्ट वर्षांवरील व्यक्तीस नवीन पॉलिसी नाकारण्यास आधारभूत होणारी वयाची अटही त्याच वेळी दूर झाली.

आता उदाहरणातील गृहस्थांनी ५७ व्या वर्षी स्वतंत्र पॉलिसी घेतली असती तर तीन वर्षांचा हा काळ नोकरीच्या सामूहिक संरक्षणाखाली सुखरूप गेला असता. निवृत्तीच्या दिवशी त्यांचा मधुमेह व त्यातून उद्भवणारे विकार पूर्णपणे विम्याखाली आले असते. ६० व्या वर्षी घेतल्याने त्यांना ६३ व्या वर्षापर्यंत थांबणे भाग आहे.

तरीही एक मार्ग उरतो. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या कर्मचाऱ्यास त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येते आणि सामूहिक पॉलिसीत काढलेला काळ प्रतीक्षाकालात जमा होतो. यासाठी निवृत्तीच्या दीड-दोन महिने आधीच लेखी अर्ज करावा. सामूहिक पॉलिसी संपल्यावर केलेली धावपळ व्यर्थ जाते. आस्थापना विभागातील अधिकाऱ्यांनी निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास ही माहिती देणे उपकारक ठरेल.

३. आजार लपवू नये

प्रस्तावपत्र भरताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, जुनी शस्त्रक्रिया यांची माहिती विचारलेली असते. हप्ता वाढेल अथवा प्रस्ताव नाकारला जाईल या भीतीने काही जण ‘काही नाही’ असे लिहितात. कधी कधी घाईत असलेला विमा प्रतिनिधीच तसे लिहून टाकतो. हे अत्यंत घातक आहे. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ अशी डॉक्टरांची एक ओळ पुरेशी होते आणि लक्षावधी रुपयांचा दावा फेटाळला जातो.

सतत साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही. मात्र फसवणूक सिद्ध झाल्यास ही सवलत राहत नाही. या नियमाच्या भरवशावर आजार लपविणे म्हणजे पाच वर्षे तलवारीखाली झोपणे होय. प्रस्तावपत्र स्वतः वाचावे, शक्यतो स्वतःच्या हाताने भरावे, इंग्रजी येत नसल्यास गावातील शिक्षकाकडून वाचून घ्यावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

४. विमा रक्कम व पॉलिसीचा प्रकार

रक्कम ठरविताना एक साधी रीत आहे. आपण ज्या रुग्णालयात प्रत्यक्ष जाणार आहोत, तेथे हृदयाची शस्त्रक्रिया, गुडघ्याचा सांधेबदल व दहा दिवसांचे अतिदक्षता उपचार यांना अंदाजे किती खर्च येतो याची चौकशी करावी. जो आकडा सर्वांत मोठा येईल त्याहून विमा रक्कम कमी नसावी. शेजाऱ्याने किती रकमेची पॉलिसी घेतली हा निकष उपयोगी पडत नाही. सीमावर्ती भागात राहणाऱ्यांनी पणजी-मडगावबरोबर बेळगाव, कोल्हापूर येथील रुग्णालयांचीही चौकशी करावी, कारण गंभीर आजारात रुग्णास तिकडे नेण्याचा प्रघात आहे. कंपनीच्या कॅशलेस यादीत त्या रुग्णालयांची नावे आहेत किंवा नाहीत हेही त्याच वेळी पाहावे.

पती-पत्नींसाठी एकत्रित पॉलिसी घ्यावी की स्वतंत्र, हा दुसरा प्रश्न. एकत्रित पॉलिसीला फ्लोटर म्हणतात. तिचा हप्ता सामान्यतः वयाने मोठ्या व्यक्तीवरून ठरतो आणि रक्कम दोघांत वाटून असते. तरुण कुटुंबात सर्वजण एकाच वर्षी गंभीर आजारी पडण्याचा संभव थोडा, म्हणून तेथे ती सोयीची. वार्धक्यात तसे म्हणता येत नाही. एकाच्या आजारात रक्कम संपली तर दुसऱ्यास त्या वर्षी काही उरत नाही. आपल्या उदाहरणात पत्नी चार वर्षांनी लहान व निरोगी आहे. तिची स्वतंत्र पॉलिसी घेतल्यास तिचा हप्ता तिच्याच वयानुसार व प्रकृतीनुसार ठरेल, पतीच्या मधुमेहाचा भार तिच्यावर पडणार नाही. दोन्ही प्रकारचे आकडे लेखी मागवून तुलना केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

५. हप्ता कमी का, याचा शोध घ्यावा

दोन पॉलिसींची विमा रक्कम सारखी आणि हप्त्यात मात्र मोठा फरक, असे आढळले म्हणजे स्वस्त पॉलिसीत कोठे तरी कात्री लावलेली आहे असे समजावे. ही कात्री बहुधा चार ठिकाणी असते.

पहिली, खोलीभाड्याची मर्यादा. विमा रकमेच्या एक टक्का प्रतिदिन अशी ती अनेक ठिकाणी असते. दुसरी, सहभागी खर्च, ज्यास व्यवहारात को-पे म्हणतात. दाव्याच्या मान्य रकमेचा ठरावीक हिस्सा रुग्णाने सोसावयाचा असतो. ज्येष्ठांच्या पॉलिसींत तो दहा, वीस अथवा अधिक टक्के असू शकतो. तिसरी, विशिष्ट आजाराची कमाल रक्कम. उदाहरणार्थ ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांच्या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्यामागे ४०,००० रुपये वा विमा रकमेचा चतुर्थांश, यांपैकी जी कमी असेल ती मर्यादा ठेवली आहे. चौथी, हातमोजे, मुखपट्टी, पिशव्या इत्यादी किरकोळ वस्तू. त्यांची रक्कम अनेक पॉलिसींत मिळत नाही आणि मोठ्या बिलात ती किरकोळ राहत नाही.

यांपैकी खोलीभाड्याची मर्यादा सर्वांत फसवी आहे. तिचे गणित एकदा समजून घेतले पाहिजे.

समजा, विमा रक्कम पाच लक्ष रुपये, खोलीभाड्याची मर्यादा प्रतिदिन ५,००० रुपये आणि सहभागी खर्च २० टक्के आहे. रुग्ण ८,००० रुपये भाड्याच्या खोलीत सहा दिवस राहिला. बिल असे झाले : खोलीभाडे ४८,००० रुपये, शस्त्रक्रियेचे शुल्क, डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह इत्यादी १,२०,००० रुपये, औषधे, तपासण्या व शरीरात बसविलेले साहित्य ७२,००० रुपये. एकूण २,४०,००० रुपये.

सामान्य माणसास वाटते की दिवसाला ३,००० रुपये जादा, म्हणजे सहा दिवसांचे १८,००० रुपये खिशातून गेले. प्रत्यक्षात तसे होत नाही. खोलीभाड्यापोटी ३०,००० रुपये मान्य होतात. पाच हजार हे आठ हजारांच्या ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात शस्त्रक्रियेचे व डॉक्टरांचे शुल्कही कापले जाते. म्हणजे १,२०,००० ऐवजी ७५,००० रुपये. औषधे, तपासण्या व साहित्य यांना हे प्रमाण लावता येत नाही, म्हणून ते ७२,००० रुपये पूर्ण. मान्य रक्कम झाली १,७७,००० रुपये. तीतून २० टक्के सहभागी खर्च ३५,४०० रुपये वजा जाता कंपनी देणार १,४१,६०० रुपये. रुग्णाच्या पदरचे गेले ९८,४०० रुपये.

तोच रुग्ण ५,००० रुपयांच्या खोलीत राहिला असता आणि बाकीचे शुल्क तेवढेच धरले, तर बिल २,२२,००० रुपये, सहभागी खर्च ४४,४०० रुपये आणि कंपनीकडून मिळणार १,७७,६०० रुपये. म्हणजे खोलीच्या भाड्यात फरक अठरा हजारांचा, परंतु रुग्णाच्या खिशाला फरक चौपन्न हजारांचा पडला.

अतिदक्षता विभागाच्या शुल्कास ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. तसेच जेथे खोलीच्या श्रेणीनुसार शुल्क बदलत नाही अशा रुग्णालयातही ती करता येत नाही. तथापि सर्वांत निर्वेध उपाय हा की खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, अथवा एकेरी खाजगी खोली मान्य करणारी पॉलिसी घ्यावी. तिचा हप्ता परवडत नसल्यास मर्यादेतीलच खोली घेण्याचा निश्चय करावा आणि तो घरातील सर्वांस सांगून ठेवावा. रुग्णास दाखल करण्याच्या घाईत खोली निवडतो तो मुलगा वा जावई. त्याला पॉलिसीची अट ठाऊक नसते.

६. पूरक पॉलिसीचा उपयोग

मोठ्या रकमेची पॉलिसी वार्धक्यात महाग पडते. अशा वेळी मध्यम रकमेची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर पूरक पॉलिसी ही जोडी स्वस्त पडते. पूरक पॉलिसी ठरावीक उंबरठ्याच्या वरील खर्च देते. उंबरठ्याखालचा खर्च मूळ पॉलिसीने अथवा रुग्णाने करावयाचा असतो.

येथे ‘टॉप-अप’ व ‘सुपर टॉप-अप’ यांतील भेद महत्त्वाचा आहे. समजा, उंबरठा पाच लक्षांचा आहे आणि वर्षात चार-चार लक्षांची दोन आजारपणे झाली. टॉप-अप प्रत्येक आजारपण वेगळे मोजते. कोणतेही एक पाच लक्षांच्या वर गेले नाही, म्हणून ती काही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षातील एकूण खर्च मोजते. तो आठ लक्ष झाला, म्हणून उंबरठ्यावरील तीन लक्ष देते. वृद्धांची आजारपणे एकामागून एक येतात. यास्तव त्यांनी सुपर टॉप-अपच निवडावी आणि तिचा उंबरठा मूळ पॉलिसीच्या रकमेइतका ठेवावा.

७. हप्ता पुढेही पेलेल काय?

आरोग्यविमा मध्येच सोडला तर भरलेले हप्ते परत मिळत नाहीत आणि प्रतीक्षाकालाची पुण्याईही जाते. म्हणून आजचा हप्ता परवडतो एवढे पाहून भागत नाही. प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये असा निर्देश दिला की साठ वर्षांवरील व्यक्तींच्या पॉलिसींचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. हा दिलासा मोठा आहे, परंतु दहा टक्के हीसुद्धा लहान वाढ नव्हे. आज ३०,००० रुपये असलेला हप्ता दरसाल दहा टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी सुमारे ७७,८०० रुपये होतो.

निवृत्तिवेतनधारकांनी आणखी एक विचार करावा. निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या निम्मे असले तरी निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात, वाढीव दराचा काल संपल्यावर, कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः तीस टक्क्यांवर येते. एकट्या राहिलेल्या पत्नीला तेवढ्यात आपला हप्ता भरता येईल काय, हा प्रश्न दोघे असतानाच सोडवावा. उपदानाच्या रकमेतून एक मुदत ठेव केवळ हप्त्यासाठी बाजूला काढणे आणि ती पत्नीच्या नावे ठेवणे हा त्यावरील एक चांगला उपाय होय.

हप्त्याच्या बाबतीत दोन सवलती ध्यानी घ्याव्यात. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. तसेच आयकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्या ज्येष्ठ नागरिकास हप्त्यापोटी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. हप्ता रोखीने भरलेला नसावा. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. केवळ करासाठी विमा घेऊ नये. परंतु घेतलाच आहे तर वजावट सोडू नये.

८. विम्याबाहेरचा खर्च

रोजची औषधे, डॉक्टरांची तपासणी, चष्मा, दात, श्रवणयंत्र, घरी ठेवलेली परिचारिका हा वार्धक्यातील खर्चाचा मोठा भाग बहुतेक पॉलिसींच्या बाहेर असतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांना मधुमेहाच्या गोळ्या प्रतिमास विकतच घ्याव्या लागतील. म्हणून सर्व शिल्लक हप्त्यात घालू नये. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका निधी बँकेत, चटकन काढता येईल असा ठेवावा. औषधांसाठी जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषधांची चौकशी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

९. पॉलिसी हाती आल्यावर

पॉलिसीबरोबर एक ग्राहक माहितीपत्रक मिळते. त्यात संरक्षण, प्रतीक्षाकाल, मर्यादा व तक्रारीची पद्धत थोडक्यात दिलेली असते. ते प्रथम वाचावे. पटले नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत परत करण्याचा हक्क आहे.

नूतनीकरण मुदतीपूर्वी करावे. पूर्वी दावा केला एवढ्या कारणावरून कंपनीस नूतनीकरण नाकारता येत नाही. सेवा असमाधानकारक वाटल्यास प्रतीक्षाकालाचा लाभ न गमावता दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेता येते. मात्र नवीन कंपनी मान्यता देईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये.

नियोजित शस्त्रक्रियेची सूचना कंपनीस आधी द्यावी. आकस्मिक प्रसंगी दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवावे. कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि रुग्णास घरी सोडताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा दंडक २०२४ च्या परिपत्रकाने कंपन्यांना घातला आहे. पॉलिसीची प्रत, कार्ड, आधार, जुने केसपेपर व औषधांची यादी एका पिशवीत ठेवावी आणि तिची जागा घरात किमान दोघांस ठाऊक असावी.

विमा नियामक प्राधिकरण कोणालाही पॉलिसी विकत नाही व बोनस देत नाही. त्याच्या नावाने दूरध्वनी आला तर तो फसवणुकीचा समजावा. ओटीपी कोणासही सांगू नये.

१०. दावा नाकारला गेल्यास

नकार लेखी व कारणासह मागावा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास वा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. पन्नास लक्ष रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपाल ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार केली पाहिजे. प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ व्यवस्थेकडे १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. पुष्कळ वृद्ध पहिल्या नकारानंतरच स्वस्थ बसतात. न्याय्य दावा सोडून देण्यात शहाणपण नाही.

समारोप

उदाहरणातील दांपत्यासाठी विवेचनाचे सार असे निघते : राज्य योजनेचे कार्ड चालू ठेवावे, सामूहिक पॉलिसीच्या कंपनीकडे मुदतीत स्थलांतराचा अर्ज करावा, ते न साधल्यास दोघांसाठी स्वतंत्र मूळ पॉलिसी, मधुमेहाची स्पष्ट नोंद करून घ्यावी, तिच्यावर सुपर टॉप-अप जोडावी, हप्त्यासाठी निराळी ठेव राखावी, आणि सत्तरी पूर्ण होताच आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. त्या वेळी खासगी पॉलिसीची रक्कम पुन्हा तपासून पाहावी.

विमा आजार टाळू शकत नाही. आजारपणात घर विकावे लागू नये, मुलांपुढे हात पसरावा लागू नये, एवढेच त्याचे कार्य आहे. ते कार्य तो नीट पार पाडील की नाही हे मात्र प्रस्तावपत्रावर सही करण्यापूर्वी घालविलेल्या दोन-चार दिवसांवर अवलंबून असते.

उजळणीसाठी प्रश्न

(ग्रामसभा, ज्येष्ठ नागरिक मंडळ अथवा प्रौढ शिक्षण वर्गात चर्चेसाठी)

१. आपल्या कुटुंबास आज कोणत्या शासकीय आरोग्ययोजनेचा लाभ मिळतो? कार्ड कोठे ठेवले आहे?

२. लेखातील बिलाच्या पहिल्या उदाहरणात सहभागी खर्चाची अट नसती, तर रुग्णाच्या पदरचे किती रुपये गेले असते? (उत्तर : ६३,००० रुपये.)

३. ५७ व्या वर्षी घेतलेली व ६० व्या वर्षी घेतलेली पॉलिसी यांत मधुमेही व्यक्तीच्या दृष्टीने कोणता फरक पडतो?

४. वर्षात तीन-तीन लक्षांची दोन आजारपणे झाली आणि उंबरठा पाच लक्षांचा असला, तर टॉप-अप किती देईल व सुपर टॉप-अप किती देईल? (उत्तर : टॉप-अप काही नाही, सुपर टॉप-अप एक लक्ष रुपये.)